माशांच्या खाद्यात फळांच्या साली: कोंड्याच्या जागी, पेंडीच्या नाही

दहा किलो केळीची साल आणली, कडकडीत वाळवली, दळली, की हाती येते साधारण किलोभर भुकटी. फळांच्या टाकाऊ मालावर मासे पोसू असं म्हणत कोणी माझ्याकडे आलं, की मी आधी हा हिशेब समोर ठेवते. ताज्या सालीच्या दहा भागांत जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ओला ढीग पाहून वाटतं, आता खाद्याचा खर्च मिटला. वाळवल्यावर कळतं की माशाच्या पोटात जाण्यासारखं त्यात थोडंच आहे. त्या किलोभर भुकटीत प्रथिनं ६० ते ९० ग्रॅम निघतात. तेवढ्याच सोयाबीन पेंडीत ४५० ग्रॅमच्या आसपास असतात.

तरीही गेली सहा वर्षं मी माझ्या दोन तळ्यांसाठी साली वाळवते आहे, आणि पुढेही वाळवणार आहे. मत्स्यपालनात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, त्यामुळे त्यातला थोडासा भाग वाचला तरी तो कामाचा असतो. फक्त तो भाग कुठला, हे आधी पक्कं करून घ्यायला हवं. फळाची साल कोंड्याची जागा घेऊ शकते. पेंडीची किंवा फिशमीलची (वाळवून दळलेल्या मासळीच्या भुकटीची) नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

आधी मासा बघा, मग साल

सगळ्या माशांना साल चालत नाही. सायप्रिनस, रोहू, गवत्या, तिलापिया हे मासे मिश्राहारी किंवा शाकाहारी. त्यांचं आतडं लांब असतं आणि पिष्टमय पदार्थ त्यांना बऱ्यापैकी पचतात. तिलापियाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, त्यामुळे वनस्पतीच्या पेशी फोडणं त्याला सोपं जातं. कार्प माशांना, म्हणजे सायप्रिनस, रोहू, गवत्या यांना, जठरच नसतं. घास सरळ आतड्यात उतरतो, म्हणून त्यांना एकदम भरपूर घालण्यापेक्षा थोडं थोडं, तीन-चार वेळा घातलेलं मानवतं. खाद्यात तंतू वाढले की हे जास्तच जाणवतं.

ट्राउटसारख्या मांसाहारी माशांना मी साल घालायला सांगत नाही. त्यांना ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात आणि पिष्ट-साखर नीट वापरता येत नाही. मागूरसारख्या माशांना थोडी चालते, पण कार्पच्या निम्मीच धरा.

फळं खाणारे मासे निसर्गात आहेत, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. अमेझॉनच्या खोऱ्यात पुराचं पाणी जंगलात शिरलं की तांबाकी नावाचा मोठा मासा झाडांखाली फिरतो आणि पाण्यात पडणारी फळं नि टणक बिया जबड्याने फोडून खातो. त्याच्या पोटातून काही बिया सुखरूप बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. पण त्याचे दात त्याच कामासाठी घडलेले आहेत. आपल्या तळ्यातल्या माशासाठी ते काम आपल्या चक्कीला करावं लागतं.

ओली साल तळ्यात कधीच टाकू नका

पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. ओळखीतल्या एका रस काढणाऱ्याकडून पोतंभर साल आणि चोथा मिळाला. वाळवायचा कंटाळा केला आणि बारीक चिरून संध्याकाळी तळ्यात सोडला. माशांनी कडेकडेने थोडं चाखलं, बाकी सगळं तळाशी बसलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत होते. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावला, पंपाने ताजं पाणी सोडलं, तरी पन्नासेक मासे गेले. त्यात मी दोन वर्षं सांभाळलेल्या प्रजनक माद्याही होत्या. ती पहाट मी विसरलेली नाही.

कारण साधं होतं. सालीतली साखर पाण्यात उतरली, तिच्यावर जिवाणू झपाट्याने वाढले आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू त्यांनी संपवला. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, म्हणून सूर्य उगवण्याच्या सुमारास तो सगळ्यात कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर मासे सुखात असतात, ३ च्या खाली गेला की अडचणीत येतात. साल घालायला सुरुवात कराल तेव्हा निदान पहिले पंधरा दिवस पहाटे उठून पाणी तपासा. दुपारचं मोजमाप या बाबतीत फसवं असतं.

वाळवणं

सगळ्या कामाचा कस इथे लागतो, म्हणून हे सविस्तर सांगते.

साल त्याच दिवशीची घ्या. कापलेलं फळ उष्ण हवेत एका रात्रीत आंबायला लागतं आणि बुरशीला तेवढा वेळ पुरतो. आल्याबरोबर कुजके, काळे, चिकट तुकडे वेगळे काढा. देठ, स्टिकर, दोरे, प्लास्टिक हातानेच निवडा, चाळणीच्या भरवशावर राहू नका. मग वाहत्या पाण्यात दोनदा धुवा. फळांवरची फवारणी सालीवरच बसलेली असते आणि काही फळांवर काढणीनंतर मेण किंवा बुरशीनाशकही लावलेलं असतं. धुतल्याने सगळं जात नाही. म्हणून माल कुठून येतो आणि त्यावर काय मारलं आहे, हे विचारून घ्या. सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी फुकटही घेत नाही.

नंतर दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. मोठी साल बाहेरून वाळते आणि आतून ओलसर राहते. जमिनीवर पसरण्यापेक्षा जाळीच्या मांडवावर एका थरात पसरा, म्हणजे खालूनही हवा लागते. दिवसातून तीन वेळा उलथा. ऊन कडक असेल तर दोन-तीन दिवसांत साल वाळते. संध्याकाळी झाकायला विसरू नका, कारण रात्रीचं दव दिवसभराची मेहनत परत नेतं. ड्रायर असेल तर तापमान ५५ ते ६० अंश ठेवा.

वाळली की नाही, हे हाताला कळतं. मुठीत दाबली की कुडकुडत तुटली पाहिजे, वाकता कामा नये. पण गोड फळांच्या साली इथे फसवतात, साखरेमुळे त्या कोरड्या असूनही चिवट लागतात. अशा वेळी वजन करा. १०० ग्रॅम तुकडे ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत मधूनमधून तोला. ९० ग्रॅमवर थांबलं तर ओलावा १० टक्के होता, म्हणजे माल साठवणीला योग्य. ८५ वर गेलं तर पुन्हा उन्हात टाका.

बुरशीच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. पोत्यात हिरवट किंवा पिवळट बुरशी दिसली की ते पूर्ण पोतं खताच्या खड्ड्यात जातं. वरची बुरशी झटकून खालचं वापरायचं नाही. अस्परजिलस जातीच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही, उकळून किंवा भाजून खात्रीने नष्टही होत नाही, आणि माशाचं यकृत खराब करतं. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचरींमधल्या रेनबो ट्राउटमध्ये यकृताच्या कर्करोगाची साथच दिसून आली होती. तिचं मूळ अफ्लाटॉक्सिन असलेल्या सरकी पेंडीपर्यंत पोचलं. पेंडीचं जे होतं तेच सालीचंही होऊ शकतं.

वाळलेला माल दळा, बारीक चाळणीतून काढा आणि हवाबंद डब्यात सावलीत ठेवा. डब्यावर फळ आणि तारीख लिहा. दोन-अडीच महिन्यांपेक्षा जुनी भुकटी मी वापरत नाही.

कुठलं फळ, कसं

केळी: पिकलेल्या केळीची साल नवख्या माणसाला सगळ्यात सोपी. हिरव्या सालीत टॅनिन जास्त असतं, त्यामुळे ती तुरट लागते आणि मासे थुंकून टाकतात. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणजे पेंडीतलं पचणारं प्रथिनसुद्धा वाया जातं. हिरवीच साल मिळत असेल तर वीस मिनिटं उकळा, पाणी फेका, मग वाळवा.

आंबा: सालीपेक्षा मला कोय जास्त आवडते. कोय वाळवून फोडा आणि आतला गर काढा. वाळलेल्या गरात निम्म्याहून अधिक पिष्ट असतं, थोडी चरबी असते आणि प्रथिनं सहा-सात टक्के. मक्याच्या पिठाच्या जवळचा माल म्हणा ना. पण तो चांगलाच तुरट असतो. गराचे काप करून चोवीस तास पाण्यात भिजवायचे, त्यात दोन-तीनदा पाणी बदलायचं, मग उकळून वाळवायचे. आळस करून हे टाळलं तर गोळी तळ्यात तशीच पडून राहते.

संत्री-मोसंबी: यांच्या सालीत पेक्टिन भरपूर असतं आणि ते पाणी घट्ट धरून ठेवतं, म्हणून नुसतं पसरून ही साल लवकर वाळत नाही. यावर चुन्याचा उपाय आहे. दहा किलो बारीक चिरलेल्या सालीत ३० ते ५० ग्रॅम विरलेला चुना नीट कालवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कापडात घालून दाबा. पेक्टिनची पकड सुटते आणि पाणी धारेने बाहेर पडतं. चुना कालवताना हातमोजे घाला. या सालीला कडवटपणा आणि तेलाचा वास असतो, म्हणून प्रमाण कमीच ठेवा.

अननस: फळाच्या जवळजवळ निम्मा भाग टाकाऊ निघतो. साल आणि मधला दांडा घ्या, वरचा पानांचा तुरा घेऊ नका, तो नुसता तंतू आहे. अननसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनांचे तुकडे करणारं विकर (एन्झाइम) आहे. ते टिकवायचं असेल तर मंद तापमानावर, ५० अंशांच्या खाली वाळवा. उकळलंत तर ते गेलं.

सफरचंद आणि द्राक्षांचा चोथा: सफरचंदाचा चोथा चालतो, पण बिया चाळून काढा. त्यांत अमिग्डालिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. जर्दाळू, पीच यांच्या कोयीतल्या बियांनाही हेच लागू. द्राक्षाच्या चोथ्यात बिया आणि टॅनिन इतकं असतं की मी तो बाजूलाच ठेवते.

पपई: साल आणि गर चालतो. बिया मात्र नाही. नर तिलापियाची प्रजननक्षमता कमी करण्यासाठी पपईच्या बिया वापरून पाहिल्या गेल्या आहेत. प्रजनक मासे असतील तिथे हा धोका घेऊ नका. डाळिंबाची साल औषधासारखी चिमूटभर घालणारे आहेत, पण ती इतकी तुरट असते की खाद्याचा घटक म्हणून तिचा विचार करू नये. अव्होकाडोची साल, बी, पानं यांत पर्सिन असतं. पक्ष्यांना आणि अनेक जनावरांना ते विषारी आहे, म्हणून तळ्याच्या आसपासही नको.

मिश्रण

मी कार्पसाठी बनवते त्या दहा किलो कोरड्या खाद्याचं माप असं: सोयाबीन पेंड ३.५ किलो, शेंगदाणा पेंड १.५ किलो, फिशमील ५०० ग्रॅम, भाताचा कोंडा २.८ किलो, केळीच्या सालीची भुकटी ८०० ग्रॅम, गव्हाचं पीठ ७०० ग्रॅम, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १०० ग्रॅम आणि तेल १०० ग्रॅम. यात प्रथिनं ३० टक्क्यांच्या अगदी जवळ बसतात.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आकड्यांत बघा. सालीच्या ८०० ग्रॅम भुकटीसाठी मी ८०० ग्रॅम कोंडा कमी केला. कोंड्यात साधारण १२ टक्के प्रथिनं, सालीत ७. म्हणजे दहा किलोमागे ४० ग्रॅम प्रथिनं कमी झाली, ०.४ टक्के. माशाला ते कळतही नाही. हीच ८०० ग्रॅम भुकटी सोयाबीन पेंडीच्या जागी घातली असती तर ३०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं गेली असती आणि खाद्य ३० वरून २७ टक्क्यांवर आलं असतं. पेंड महाग, म्हणून माणसाचा हात आधी तिलाच कमी करायला जातो. मग मासा वाढत नाही आणि बोल मात्र सालीला लागतो.

प्रमाण किती ठेवावं? ५ टक्क्यांपासून सुरू करा. मासे नीट खातात असं दिसलं तर ८-१० पर्यंत जा. त्यापुढे मी जात नाही. बोटुकलीला, म्हणजे बोटभर लांबीच्या पिल्लांना, तर देऊच नका. त्यांचं वय झपाट्याने वाढण्याचं असतं, पोट लहान, आणि त्या पोटात तंतू भरायचा म्हणजे त्यांची वाढ अडवायची.

आणखी एक गैरसमज. फळं आहेत म्हणजे क जीवनसत्त्व मिळालंच, असं धरून चालू नका. बहुतेक माशांना ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही आणि कमी पडलं तर कणा वाकडा होतो, हे खरं. पण उन्हात, उष्णतेत आणि साठवणीत सालीतलं बरंचसं क जीवनसत्त्व नष्ट होतं. जीवनसत्त्वाचं मिश्रण सालीच्या भरवशावर बंद करू नका.

गव्हाचं पीठ आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण सोडून बाकी कोरडं सगळं एकत्र करा. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून थंड करा, तिच्यात कालवा, मळा आणि शेवयाच्या किंवा खिम्याच्या यंत्रातून काढा. जीवनसत्त्वं आणि तेल खळ थंड झाल्यावरच घाला. गोळ्या सावलीत वाळवा. घरच्या यंत्रातली गोळी बुडते, तरंगत नाही. म्हणून ती पाण्यात सोडलेल्या ट्रेमध्येच घालावी. एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकून बघा. अर्धा तास टिकली पाहिजे. दहा मिनिटांत तिचा चिखल झाला तर खळ वाढवा.

पाऊसपाणी असेल तेव्हा

ऊन नसतं तेव्हा मी साल मुरवते. दहा किलो धुतलेली, चिरलेली साल पंख्याखाली सुकवून सहा किलोवर आणते. त्यात अडीच किलो कोंडा आणि थोड्या पाण्यात कालवलेली २०० ग्रॅम उसाची मळी (मोलॅसिस) मिसळते. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. मग झाकणाच्या ड्रममध्ये थरावर थर, पायाने तुडवून, हवा अजिबात न ठेवता भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. तीन आठवड्यांनी उघडा. आंबटसर, जरा गोड वास आला आणि पीएचचा कागद ४.२ च्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर काम झालं. सडका, उग्र वास आला तर सगळा ड्रम खतात घाला. मुरलेला माल निम्मा तरी पाणीच असतो, म्हणून मिश्रणात त्याचं वजन कोरड्यावर आणून धरा. मुरवण्याने तुरटपणाही थोडा उतरतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे रोजचा माल इतका येतो की वाळवणं आणि मुरवणं दोन्ही पुरत नाही, त्यांनी ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांचा विचार करावा. फळांचं उरलेलं खाऊन या अळ्या साधारण दोन आठवड्यांत मोठ्या होतात आणि वाळलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पेंडीची जागा घेण्याची ताकद सालीत नाही, पण ती खाऊन वाढलेल्या अळीत आहे. नुसत्या फळांवर अळी संथ वाढते, म्हणून कोंडा किंवा पेंडीचा चुरा बरोबर घालावा. तो उद्योग स्वतंत्र आहे, त्याची जागा आणि शिस्त वेगळी.

आपल्या तळ्यात पारखून घ्या

माझं माप जसंच्या तसं उचलू नका. तळ्यात शेजारी शेजारी दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावा, प्रत्येकात सारख्या वजनाचे तीस मासे सोडा. एकाला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला सालीचं. दोन्हींना शरीराच्या वजनाच्या ३ टक्के, दिवसातून तीन वेळा विभागून. दर पंधरा दिवसांनी सगळे मासे तोला आणि आठ आठवडे वही ठेवा. घातलेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन, एवढाच हिशेब. १२ किलो खाद्यात ७ किलो वाढ म्हणजे १.७. सालीच्या हाप्याचा हा आकडा नेहमीच्या हाप्यापेक्षा ०.२ ने जरी वाढला, तरी वाचलेला कोंडा त्यात निघून जातो. तसं झालं तर प्रमाण खाली आणा.

नवं खाद्य पहिले तीन-चार दिवस मासे नाखुशीने खातात. गोळी तोंडात घेतात, थुंकतात, परत घेतात. घाबरू नका. घातल्यापासून दीड तासाने ट्रे उचलून बघा आणि उरलेलं तोलून दुसऱ्या दिवशी तेवढं कमी घाला. आठवडा उलटला तरी ट्रेमध्ये चौथाई उरत असेल, तर ते फळ तुमच्या माशांना नको आहे. विष्ठेच्या लांब, फिकट दोऱ्या पाण्यावर दिसू लागल्या तर तंतू जास्त झाले असं समजा आणि भुकटी निम्मी करा.

पाणी गार झालं की सगळंच बदलतं. २० अंशांच्या खाली कार्प आणि तिलापियाची भूक उतरते, पचन मंदावतं, आणि तेव्हा सालीसारखं जड खाद्य पोटात पडून राहतं. मी त्या दिवसांत भुकटी पूर्ण बंद करते. डबे घट्ट लावून माळ्यावर ठेवते आणि पाणी पुन्हा २४-२५ अंशांवर आलं की आधी डब्यावरची तारीख आणि ओलावा तपासून, ५ टक्क्यांपासून नव्याने सुरू करते.